मदत हवी आहे: आईची रक्त पातळ करायची गोळी आणि फार्मासिस्टचा सल्ला

मंडळी, आईच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवली आहे, त्यामुळे असिट्रॉम (रक्त पातळ करायची गोळी) कायमची. डॉक्टरांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलंय. परवा दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल (अँटिबायोटिक) आणि डायक्लोफिनॅक (वेदनाशामक) लिहून दिलं. आमच्या मेडिकलमधल्या ताईंनी चिठ्ठी बघून आधी विचारलं, "काकू असिट्रॉमवरच आहेत ना अजून?" मग स्वतः दवाखान्यात फोन लावला. पहिल्या गोळीने आयएनआर वाढतो, दुसरीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दोन्ही बदलून मिळाल्या. (नाहीतर एरवी पाकीट कापून हातात देतात, विषय संपला.)

२०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच धरलंय, पण प्रत्यक्षात असं कुठे होतं?

नाशिक किंवा पुण्यात एखाद्या रुग्णालयात फार्म.डी. (फार्मसीतली डॉक्टरेट पदवी) झालेले फार्मासिस्ट आयएनआर बघून, सगळ्या चिठ्ठ्या एकत्र तपासून डॉक्टरांना डोस सुचवतात का? अनुभव असेल तर सांगा. शिवाय आयएनआर, डोस, मेथी-पालक (याने आयएनआर खाली येऊ शकतो) कधी खाल्लं, याची नोंद तुम्ही कशी ठेवता? आईला मोबाइल जमत नाही, वहीच हवी.