विहीर आहे म्हणून वणव्याचं टेन्शन नाही?

वर तुम्ही लिहिलंय की कोकणातल्या घराला विहीर आहेच, काठावर पेट्रोलवरचा पंप ठेवला की वणव्याचं टेन्शन संपलं. पण आधी पाणी किती खोल आहे ते बघा ना. काठावरचा पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबावर, व्यवहारात ७-८ मीटर, म्हणजे २५ फुटांच्या पुढे तो नुसता घरघरत बसतो, आणि वणवे लागतात उन्हाळ्यात, नेमकं तेव्हाच पाणी तळाला गेलेलं असतं. सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेला विजेवरचा पंप) खोलातून काढेल हो, पण आगीत वीज गेली की तोही गप्प.

माझ्या मते खरा भरवसा टाकीचाच. घरापेक्षा उंचावर बांधा, घरची लाईन टाकीच्या मध्यावरून काढा आणि आगीसाठीचा मोठा व्हॉल्व्ह तळाशी, म्हणजे मे महिन्यात कितीही पाहुणे आले (येतातच!) तरी खालचं निम्मं पाणी राहतं. प्लॅस्टिकचा पाईप गवतावरून उघडा नेऊ नका, वितळतो, जमिनीत गाडा. आणि दिवाळीनंतर घराभोवतीचं गवत काढायला विसरू नका, पाण्यापेक्षा ते जास्त कामाचं.

विहिरीचं पाणी पिण्यासाठी शुद्ध कसं करायचं असं विचारलंत, तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर विहिरीतल्या हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम, रात्री टाकायची आणि सकाळी उपसा सुरू.