बॅटरीला चार वर्षं झाली: थंडीआधी बदलू की हा हिवाळा काढू?

जुनी_छावणी
मंडळी, गाडी पेट्रोल वॅगन आर. बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास), एमएफ म्हणजे मेंटेनन्स-फ्री, वर ३८बी२०एल लिहिलंय. बसवून चार वर्षं होऊन गेली, वॉरंटी संपली. गाडी ग्वाल्हेरात लष्कर ते सिटी सेंटर एवढीच फिरते, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, आणि रात्री उघड्यावर उभी असते. दिवाळीपासून सकाळचा पहिला सेल्फ जड जातोय, दिवसा मात्र एका झटक्यात चालू होते. बॅटरीवरचा डोळा (चार्ज दाखवणारी गोल खिडकी) हिरवा आहे. एका दुकानदारानं तो डोळा बघून ‘अजून वर्ष जाईल’ म्हटलं, दुसऱ्यानं नुसतं वय ऐकून नवीची किंमत सांगितली. घरी मल्टिमीटर आहे. काय मोजलं म्हणजे ठरवता येईल? जानेवारीच्या धुक्यात पहाटे स्टेशनला निघताना अडकायचं नाही, आणि धड असलेली बॅटरी भंगारातही घालायची नाही.

दहाचा_पाना
डोळा विसरा. आत सहा सेल असतात आणि तो डोळा त्यांतल्या एकाच सेलमधल्या ॲसिडची घनता दाखवतो. उरलेल्या पाचांपैकी एखादा बसला तरी डोळा हिरवाच राहील. काळा झाला तर चार्जिंग कमी, पांढरा किंवा पारदर्शक झाला तर पाणी खाली गेलंय, एवढाच त्याचा उपयोग. एमएफमध्ये पाणी घालायची सोय नसते, त्यामुळे पांढरा दिसला की बॅटरी बदलायचीच.

मोजायच्या गोष्टी दोन. पहिली, रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज, सकाळी दार उघडण्याआधी. बॉनेटची कळ आतून असेल तर रात्रीच ओढून ठेवा, नाहीतर आतला दिवा लागतो आणि आकडा खाली येतो. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. १०.५ च्या आसपास अडकली असेल तर एक सेल शॉर्ट आहे, पुढे काही मोजू नका. गाडी बंद केल्या केल्या घेतलेला आकडा मात्र फसवा. वरवरच्या चार्जमुळे मेलेली बॅटरीही १२.८ दाखवते.

दुसरी गोष्ट खरी महत्त्वाची: सेल्फ मारताना व्होल्टेज किती पडतं. मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरा, क्लॅम्पवर नाही. दुसऱ्या कुणाला तरी किल्ली फिरवू द्या आणि मीटरचा व्हिडिओ काढा, कारण स्वस्त मीटरचा आकडा डोळ्यानं पकडता येत नाही. इंजिन लगेच पकडत असेल तर फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून चार-पाच सेकंद फिरवा, त्याहून जास्त नको. आकडा १० च्या वर टिकला तर बॅटरी चालेल. ९.६ च्या खाली गेला आणि बॅटरी भरलेली असेल, तर ती गेली. मधलं काही आलं तर ती काठावर आहे.

मुरारचा_वायरमन
वरचं बरोबर आहे, एक भर घालतो. सेल्फ जड पण व्होल्टेज ११ च्या वर, असं दिसलं तर बॅटरीला दोष देऊ नका. मग केबल, अर्थिंग किंवा सेल्फची मोटर बघायची. सेल्फ फिरत असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. ०.३ व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय किंवा सैल आहे. खुंटीवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, वायर ब्रशनं चकचकीत करा, क्लॅम्प आवळा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. क्लॅम्पच्या आत ग्रीस भरणारे लोक मला कळलेले नाहीत.

आणि आल्टरनेटर तपासल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका. इंजिन चालू, दिवे आणि पंखा चालू, तेव्हा बॅटरीवर १३.८ ते १४.४ हवं. काही नव्या गाड्यांत कंप्यूटर चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे क्षणभर १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका, पाच मिनिटं बघत राहा. कायम १५ च्या वर जात असेल तर मात्र रेग्युलेटर गेलाय, तो नवी बॅटरीही उकळून टाकेल.

गळती, म्हणजे गाडी बंद असताना जाणारा करंटही मोजा. किल्ली काढून, दारं लॉक करून अर्धा तास थांबा, मग ऋण केबल काढून ती केबल आणि खुंटी यांच्या मध्ये मीटर जोडा, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. केबल काढताना गाडीतली काही इलेक्ट्रॉनिक युनिट जागी होतात, म्हणून आकडा स्थिरावू द्या. ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. ५० धरले तरी दिवसाला १.२ एएच जातात, दहा दिवस गाडी उभी राहिली तर तुमची एक तृतीयांश बॅटरी गेली. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

तापमापी
वयाबद्दल बोलतो. बॅटरीला थंडी मारते असा समज आहे, पण ग्वाल्हेरात ती मे-जूनमध्येच मरते. उन्हात ४५ अंश, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापमान १० अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक झिजेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. धन प्लेटची जाळी गंजते, पाणी उडतं. उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं म्हणून अधू बॅटरीही सेल्फ फिरवते. जानेवारीत पहाटे ४-५ अंशांवर ऑइल घट्ट, बॅटरीचा जोर कमी, आणि मेमध्ये झालेलं नुकसान तेव्हा उघड होतं. थोडक्या फेऱ्यांनी ती कधी पूर्ण भरत नाही, मग प्लेटवर सल्फेट बसून कडक होतं. त्यामुळे इथे चौथ्या हिवाळ्याआधी मोजणी करायचीच, पण चार वर्षं झाली एवढ्यावरून बदलायची नाही.

दहाचा_पाना
@तापमापी, सहमत. पण एमएफला नेहमी इशारा मिळत नाही. आतला जोड तुटला तर रात्री १२.६ दाखवणारी बॅटरी सकाळी सेल्फ मारताच ४ व्होल्टवर येते. काठावरची बॅटरी आणि पहाटेची गाडी असेल, तर मी थांबायला सांगणार नाही.

जुनी_छावणी
सगळं मोजलं. रात्रभर उभी ठेवून १२.३८. सेल्फवर ९.१. दिवे लावून चार्जिंग १४.२. गळती २८ मिलिअँपिअर. अर्थिंगवर ०.१. बदलूनच टाकू?

मुरारचा_वायरमन
आधी भरून घ्या. १२.३८ म्हणजे ती पाऊणच्या जरा खाली आहे, पूर्ण न भरलेल्या बॅटरीवर ९.१ आलं म्हणून निकाल देणं अन्याय होईल. एएचच्या एक दशांशानं, म्हणजे साडेतीन अँपिअरनं, दहा-बारा तास, हवेशीर जागी. हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको. मग रात्रभर ठेवून पुन्हा मोजा. दुकानातल्या टेस्टरवर बघणार असाल तर आधी लेबलवरचा सीसीए (थंडीत सेल्फ मारताना बॅटरी किती करंट देते तो आकडा) नीट टाकायला लावा. चुकीचा आकडा टाकला की चांगली बॅटरीही ‘रिप्लेस’ दाखवते, आणि काही ठिकाणी ती चूक फार सोयीची असते.

जुनी_छावणी
भरून, रात्रभर ठेवून: १२.५१. सेल्फवर ९.४.

दहाचा_पाना
मग झालं. पूर्ण चार्ज करूनही १२.६ धरत नाही आणि ९.६ च्या खाली जाते, म्हणजे क्षमता गेली. चार्जिंग, गळती, अर्थिंग तिन्ही ठीक आहेत, तेव्हा नवी बॅटरी नाहक मरणार नाही. जानेवारीची वाट बघू नका.

घेताना शेवटचं अक्षर एलच हवं. आर घेतली तर खुंट्या उलट्या बाजूला येतात, केबल पुरत नाहीत आणि ओढूनताणून लावताना शॉर्ट होतो. गाडीत आपोआप इंजिन बंद-चालू होणारी सोय असेल तर साधी चालत नाही, ईएफबी किंवा एजीएम या जास्त तगड्या प्रकारची लागते. तुमच्या मूळ बॅटरीवरून दिसतंय की तुम्हाला त्याची गरज नाही. बनल्याची तारीख विचारा, तीन महिन्यांहून जुना माल नको, आणि बसवण्याआधी दुकानातच १२.५ च्या वर आहे ना ते बघा. काढताना आधी ऋण, मग धन, लावताना उलट. ऋण आधी काढली की पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. वरची पट्टी घट्ट आवळा, खड्ड्यांत हलणाऱ्या बॅटरीच्या प्लेटा तुटतात.

तापमापी
जुनी तिथेच द्या, तिची किंमत बिलातून वजा होते. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या पुनर्प्रक्रियेला जातील ही जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे त्याच साखळीतून जाऊ द्या. दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, ॲसिड तो नालीतच ओततो. ‘२४ + २४’ अशी वॉरंटी असेल तर पहिले चोवीस महिने बदलून मिळते, पुढचे चोवीस फक्त प्रमाणात सूट, हे घेतानाच स्पष्ट करून घ्या. बिलावर बॅटरीचा अनुक्रमांक आणि तारीख लिहून घ्या, दाव्याच्या वेळी तेच मागतात.