डांबरावरच्या गाऱ्यात गाडी फिरली: जुन्या गाडीला एबीएस बसवावं की गाडीच बदलावी?

वावरवाट (दारव्हा तालुका)
गाडी २०१२ ची, लहान, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मागच्या मंगळवारी आईचे डोळे दाखवायला यवतमाळला गेलो होतो. परतताना अंधारून आलं, भुरभुर सुरू झाली. गावाच्या अलीकडे आमची पांदण डांबरी रस्त्याला मिळते. तिथं दिवसभर ट्रॅक्टर वावरातून वर येतात आणि चाकांचा गारा डांबरावर पसरतो. थोडा ओला झाला की नुसता साबण. माझा वेग चाळीसच्या आसपास असेल. समोर बंडी दिसली, ब्रेक दाबला, चारही चाकं जाम. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं तरी गाडी सरळच गेली, मग मागून फिरली आणि नालीच्या काठावर आडवी थांबली. कोणाला काही लागलं नाही. पण आईनं माझा दंड धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

या गाडीला एबीएस बसवता येतं का? ईएससी म्हणतात, म्हणजे घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा, त्याचा आमच्या काळ्या मातीत काही उपयोग होतो का? सोयाबीन विकल्यावर पाच लाखांपर्यंत जमेल.

गॅरेजवाला, दिग्रस
भाऊ, जुन्या गाडीले एबीएस टाकाचं म्हणजे चाकाचे सेन्सर, ब्रेकचं युनिट, वायरिंग, कंट्रोलर, सारंच बदलाव लागते. त्याच्यात पैसे घालू नका. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या कारले एबीएस सक्तीचं झालं, त्याच्यानंतरची जुनी गाडी पाहा.

पण आधी टायर पाहा. नक्षीच्या खोबणीत बारके उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यायले टेकली की टायर संपलं. बाजूले चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. रबर जुनं झालं की कडक होते, नक्षी दिसत असली तरी ओल्यात धरत नाई. दोनच टायर घ्याचे असतील तर नवे मागं टाका. मागची पकड सुटली की गाडी फिरते, तुमची फिरली तशी.

घाटातला ड्रायव्हर
मी परतवाडा–चिखलदरा चालवतो, ईएससीची गाडी आहे. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळते. पाय थरथरतो, घाबरून उचलायचा नाही. मात्र सुट्या मुरुमावर एबीएसची गाडी उलट थोडी लांब थांबते, कारण जाम चाकासमोर साचणारा मुरुमाचा ढीग तिला मिळत नाही.

ईएससी पुढचं काम करते. स्टिअरिंग कुठं वळवलंय आणि गाडी खरी कुठं फिरतेय, हे सेन्सर सतत ताडून पाहतात. डाव्या वळणावर मागचा भाग बाहेर सुटला, तर ती एकट्या उजव्या पुढच्या चाकाला ब्रेक लावते आणि गाडी सरळ होते. माणसाला चार पायांनी चार ब्रेक दाबता येत नाहीत, म्हणून मला ही वस्तू मोलाची वाटते. भारत एनकॅपमध्येही, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत, तीन तारे किंवा त्याहून जास्त हवे असतील तर ती लागतेच.

पण नसलेली पकड ती कुठून आणणार? ढोबळ हिशेब सांगतो: साठच्या वेगात ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरावर वीसेक मीटर लागतात. ओल्या गाऱ्यावर पंचेचाळीसच्या वर. चाळीसला आलात तर त्याच गाऱ्यावर पुन्हा वीसेक. तुमच्या वळणावर पंचवीस ठेवा.

आणि पांदणीत फसलात तर ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण तेवढ्यापुरतं बंद करा, नाहीतर चाक फिरलं की ते इंजिनचा जोर तोडतं. डांबरावर आलात की लगेच चालू.

वावरवाट
आताच बॅटरी घेऊन पाहून आलो. मागची दोन्ही टायरं उंचवट्याला टेकलीत, आकडे १११५. दहा–बारा दिवसांत सोयाबीन निघेल, गाडी मग पाहू, ईएससीचीच पाहीन. टायर मात्र उद्याच. त्या वळणावर येणारे दोन ट्रॅक्टर काकांचे आहेत. रात्री त्यांच्याशी बोललो. पांदणीच्या तोंडाशी फावडं ठेवतो म्हणाले, डांबरावर चढायच्या आधी चाकं खरडायची, आणि संध्याकाळी शेवटचा ट्रॅक्टर गेल्यावर रस्त्यावरचा गारा ओढून काढायचा. उद्या मी पण जातो.