जनक एकटाच कसा?

ऑस्ट्रेलियातला मेंढपाळ-जमीनदार जॉन मॅकार्थर याला 'ऑस्ट्रेलियन लोकरीचा जनक' म्हणतात, आणि त्याने ओसाड जमिनीवर कळप उभे केले असंही सांगतात. 1966 च्या दोन डॉलरच्या नोटेवरही हा गडी मेरिनो (तलम लोकरीच्या जातीच्या) मेंढ्यासोबत झळकत होता. पण हिशेब मांडून बघा. तिथल्या ब्रिटिश वसाहतीच्या गव्हर्नरविरुद्धच्या बंडानंतर 1809 मध्ये साहेब इंग्लंडला गेले, ते उगवले थेट 1817 मध्ये! त्याआधी 1801 ते 1805 सुद्धा बाहेरच. मग सिडनीजवळच्या पॅरामॅटा नि कॅम्डनचे कळप कोणी राखले? बायकोने, एलिझाबेथने. कोणता मेंढा कुठल्या कळपात सोडायचा, कैदी मजुरांकडून काम कसं करून घ्यायचं, लोकर लंडनला कधी धाडायची, सगळं तिच्याच माथी. 1809 मध्ये जाताना नवऱ्याने जेम्स आणि विल्यम या मुलांना शिक्षणासाठी सोबत नेलं. हिच्याजवळ मुली, त्यात धाकटी एमेलीन तान्ही. आईला पोरांची ख्यालीखुशाली कळायची ती महिनोन्महिने समुद्रावर काढून आलेल्या पत्रांतून.

आपल्याकडचा एक धागाही आहे. मेरिनो यायच्या आधी मॅकार्थरने कलकत्त्याहून आलेल्या बंगाली मेंढ्या घेतल्या होत्या. अंगावर लोकर कसली, बकरीसारखे राठ केस! आयरिश मेंढ्यांशी संकर केल्यावर कोकरांच्या अंगावर केस नि लोकर मिसळून आली, आणि तिथून त्याला हा नाद लागला.

आणि त्या जमिनीला 'ओसाड' म्हणू नका हो. कॅम्डनची ती कुरणं तिथल्या मूळनिवासी धारावल लोकांची होती. 1816 मध्ये जवळच ॲपिनला सैनिकांनी त्यांची किमान 14 माणसं मारली, बायकामुलांसकट.