खारघरला गोल्फ सुरू करतोय, २० हजारात क्लब कुठले घ्यावेत?

खारघर_नवखा: नमस्कार मंडळी, सिडकोच्या खारघर व्हॅली कोर्सवर शिकायला सुरुवात केलीये, कोचचे क्लब (बॉल मारायच्या काठ्या) वापरतोय पण आता स्वतःचे हवेत. महिन्यातून दोन-तीनदाच जमणार. दुकानदार म्हणतो पूर्ण सेट घ्या नाहीतर नंतर पस्तावाल. बजेट २० हजार, त्याच्या वर नाही. खरंच एवढे क्लब लागतात का?

वीकेंड_गोल्फर: अजिबात नाही हो. नियमात १४ ही कमाल मर्यादा आहे, किमान काहीच नाही. ५ किंवा ६ नंबरचा हायब्रिड (लांबच्या फटक्याला), ७ आणि ९ आयर्न (मधल्या अंतराला), पिचिंग वेज, सँड वेज (जवळच्या उंच फटक्याला) आणि पटर (बॉल होलमध्ये ढकलायला), एवढ्यात पहिलं वर्ष आरामात निघतं. ड्रायव्हरची (सुरुवातीच्या लांब फटक्याचा क्लब) घाई नको, तो सगळ्यात लांब आणि पटर सोडला तर सगळ्यात कमी लॉफ्टचा, म्हणजे तोंड सगळ्यात कमी तिरकं, नवख्याच्या हातात बॉल हमखास उजवीकडे झाडीत. घ्यायचाच असेल तर १२ डिग्रीच्या आसपासचा बघा, ९ चा नको. नवीनच हवं असेल तर डेकॅथलॉनचे इनेसिस बघा, सुरुवातीला चांगले आहेत.

मेधा_पुणे: मी तर म्हणेन सेकंड हँडच घ्या, चांगल्या ब्रँडचे दहा वर्षं जुने आयर्नसुद्धा मस्त चालतात. फक्त कॅव्हिटी बॅक बघून घ्या, म्हणजे मागून पोकळ असलेले. वजन कडेला गेलेलं असतं त्यामुळे बॉल मधोमध नाही लागला तरी फार भरकटत नाही. पातळ पाती असलेले ब्लेड कितीही स्वस्त मिळाले तरी हात लावू नका, मुरलेल्या लोकांचं काम आहे ते. आणि ऑनलाइन ‘ब्रँड न्यू’ म्हणून निम्म्या किमतीत मिळतात त्यात नकली भरपूर असतात, जपून.

खारघर_नवखा: थँक्स ताई! जुने बघायला गेलो तर नेमकं काय तपासू?

मेधा_पुणे: क्लबचं डोकं आणि दांडा जिथे जोडलाय तिथे धरून पिळून बघा, जरा जरी हललं किंवा कुरकुर आली तर नको. स्टीलच्या शाफ्टवर (दांड्यावर) गंज, ग्रॅफाइटच्या शाफ्टवर चिरा, वेजच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्यात का तेही बघा, त्या गुळगुळीत असतील तर बॉलला स्पिन मिळत नाही. ग्रिप (मुठीचं रबर) कडक झालेली असेल तर घाबरू नका, ती बदलून मिळते, उलट त्या नावाखाली भाव पाडून घ्या.

जुना_खेळिया: शाफ्टचा फ्लेक्स (लवचिकपणा) राहिला की! स्टिफ लिहिलेलं नको, साध्या वेगाच्या स्विंगला रेग्युलर ठीक, वय पन्नाशीपुढे किंवा मनगट दुखतं असेल तर ग्रॅफाइट, हाताला झटके कमी बसतात. दुसरं म्हणजे पटर सोडून कुठल्याच क्लबवर फार पैसे घालू नका, राऊंडमधले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त शॉट त्यानेच मारले जातात. वाचलेल्या पैशात कोचची चार सेशन्स जास्त घ्या हो, हाताची पकड आणि स्टान्स (उभं राहायची पद्धत) एकदा बिघडली की मग महागातला महाग सेटही काही करू शकत नाही. तुमची उंची किती आणि डावखुरे नाही ना? डावखुऱ्यांना जुना सेट मिळणं अवघड जातं, तसं असेल तर आत्ताच सांगा.

खारघर_नवखा: ५ फूट ८ इंच, उजवाच. मग शनिवारी ७ आयर्न आणि पटर आधी बघतो.