मदत हवी आहे: पगार जवळपास दुप्पट, पण रात्रीचे कॉल

मंडळी, जरा सल्ला हवाय. सध्या हिंजवडीत २८ लाखांवर आहे, सहाला लॅपटॉप बंद. एका बड्या अमेरिकन कंपनीची वर्षाला ५२ लाखांची ऑफर आलीये. त्यातले १८ लाख मात्र शेअर्सचे. पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत हातात एकही नाही, आणि मिळाले की पगारासारखाच कर. टीम सिएटलची. हिवाळ्यात तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा! लेक तीन वर्षांची, गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही. बायको म्हणते, घराचा हप्ता काय, आत्ताही जातोच आहे की. अशा टीममध्ये कोणी आहे का? रात्रीचे कॉल आठवड्याला दोनच, असं जॉइन होण्याआधी ठरवून घेता येतं का? शुक्रवारपर्यंत कळवायचंय.