दिवाळी अंक: विसर्गाच्या जागी कोलन

नमस्कार मंडळी,
अंकाचे सगळे लेख एका फाइलीत आणलेत. निम्म्यांनी विसर्गाऐवजी कोलन टाकलाय: दु:ख, अंत:करण. दिसायला फरक कळत नाही, पण ‘दुःख’ शोधलं की काही सापडत नाही. सरसकट बदलावं तर ‘टीप:’ आणि ‘सकाळी ९:३०’ यांचेही विसर्ग होतील. विममध्ये (मजकूर संपादनाचा प्रोग्रॅम) काही सोय आहे का?
(मुद्रितशोधन)

ताई,
आधी नुसतं शोधा, बदलू नका:
/:\([अ-ह]\)
म्हणजे कोलनला लगेच अक्षर चिकटलेलं हवं. ९:३० सुटतं, पुढे जागा सोडलेली ‘टीप:’ही सुटते. एन दाबत पुढे जा आणि काय काय सापडतंय ते बघा. कुणीतरी ‘टीप:सर्वांनी’ असं चिकटवून लिहिलेलं असणारच.

समाधान झालं की बदलायची आज्ञा द्या: कोलन, टक्क्याचं चिन्ह, एस, दोन तिरप्या रेघा, मग ः\1 (\1 म्हणजे शोधातल्या कंसात पकडलेलं अक्षर), आणखी एक तिरपी रेघ, शेवटी जी आणि सी. पहिल्या दोन रेघांमध्ये काही लिहायचं नाही. ती जागा रिकामी असली की विम शेवटचा शोधच वापरतं. एवढा कंस-उलट्या रेघांचा पसारा पुन्हा टंकायचा म्हणजे चुकायला आमंत्रण. सी मुळे प्रत्येक ठिकाणी विचारलं जातं. ही रिकाम्या जागेची युक्ती विमच्याही आधीची, १९६९ च्या ‘ईडी’ संपादकापासूनची.

मी व्हीएस कोड या दुसऱ्या संपादकावाली. तिथे कंट्रोल-एफने शोधून मग कंट्रोल-एच दाबलं की शोध तसाच राहतो, खाली बदलाची चौकट उघडते. रेगेक्सचं (असा नमुना देऊन शोधण्याचं) बटण मात्र चालू हवं. कंसांना उलटी रेघ नको, आणि \1 ऐवजी $1.

दादा, झालं! पण ‘स्वत:’ आणि ‘क्रमश:’ तसेच राहिले.

त्यांच्या पुढे जागा आहे ना, म्हणून. आता
/\([तश]\): 
असं शोधा (शेवटी एक जागा), आणि रिकाम्या रेघांनंतर \1ः आणि एक जागा. ‘याबाबत: ’सारखी टोकं मध्ये येतील, तिथे नाही म्हणा. ‘पुन:’ वेगळं शोधावं लागेल.

मध्येच दुसरं काही शोधलंत तर रिकामी जागा त्या नव्या शोधाची होते बरं का. शंका आली तर त्या दोन रेघांमध्ये कंट्रोल-आर आणि मग तिरपी रेघ दाबा, शेवटचा शोध तिथेच उमटतो.